मेरी डेकरची नडगी

10 ऑगस्ट 1984 रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिसियममध्ये ऑलिंपिकच्या 3000 मीटरच्या अंतिम शर्यतीत अनवाणी धावणाऱ्या झोला बडच्या पायांत पाय अडकून अमेरिकेची धावपटू मेरी डेकर कोसळली, आणि कडेच्या हिरवळीवर पडून आक्रोश करणाऱ्या तिचे छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापले, हे वाचकांना ठाऊकच आहे. पंचांनी बडला प्रथम बाद ठरवले, मग चित्रफीत पाहून तो हुकूम मागे घेतला, तरी दोष कोणाचा या वादाचे गुऱ्हाळ अजून थंडावलेले नाही. मला त्या पडण्याविषयी फारसे कुतूहल कधीच वाटले नाही. मला कित्येक वर्षे पछाडले आहे ते त्याच्या दहा वर्षे आधीच्या, कोणत्याही छायाचित्रात न आलेल्या एका दुखण्याने. ते दुखणे तिच्या नडगीचे होते.

मेरीचा जन्म 1958 सालचा, न्यूजर्सीतला. वाढली ती कॅलिफोर्नियात. रानावनातून धावण्याची शर्यत म्हणजे काय याचा पत्ता नसताना अकराव्या वर्षी ती तशा एका स्थानिक शर्यतीत उतरली आणि सहज पहिली आली. त्यानंतरच्या तिच्या बालपणातील एक नोंद मी पुन्हापुन्हा वाचली आहे, आणि प्रत्येक वेळी ती एखाद्या सावकाराच्या वसुलीच्या तपशिलासारखी निर्विकार वाटली आहे: वय वर्षे बारा, एकाच आठवड्यात एक पूर्ण मॅरेथॉन, सुमारे तीन तास दहा मिनिटांत, त्याच आठवड्यात 440 यार्ड, 880 यार्ड, एक मैल आणि दोन मैल, आणि लगेच इस्पितळात आंत्रपुच्छाची तातडीची शस्त्रक्रिया. आंत्रपुच्छाचा संबंध धावण्याशी जोडणे वैद्यकशास्त्राला मान्य होणार नाही, आणि मीही तो जोडीत नाही. परंतु त्या आठवड्यात वडीलधाऱ्यांपैकी कोणीही तिला ‘पुरे’ म्हटले नाही, एवढे अनुमान काढावयास वैद्याची गरज नाही.

म्यूनिकच्या 1972 च्या ऑलिंपिकसाठी तिचे वय बसले नाही. पण पुढच्याच वर्षी मिन्स्क येथे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या सामन्यात, जेमतेम चाळीस किलो वजनाच्या आणि दातांना तारा बसवलेल्या या चौदा वर्षांच्या पोरीने 800 मीटरमध्ये म्यूनिकची रौप्यपदकविजेती निओले साबाइते हिला मागे टाकले. 1974 मध्ये बंदिस्त मैदानावरचे जागतिक उच्चांक तिने मोडले, आणि मॉस्कोत एका सोव्हिएत स्पर्धक स्त्रीने धक्का दिला तेव्हा संतापून हातातली रिले शर्यतीची दांडी तिच्या अंगावर फेकली. स्वभाव असा, आणि लौकिक ‘छोटी मेरी’ असा.

मग मेरी छोटी राहिली नाही. तिची उंची झपाट्याने वाढली, वजन वाढले, आणि 1974 च्या अखेरीस नडग्या दुखू लागल्या. या दुखण्याचा स्वभाव मोठा फसवा असतो. गुडघ्याखालच्या पायातील स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असून प्रत्येक कप्प्याभोवती एक चिवट, न ताणणारे आवरण असते. श्रमाने स्नायू फुगतो, आवरण मात्र गेल्या वर्षीच्या अंगरख्यासारखे तेवढेच राहते. आतला दाब चढत जाऊन रक्ताचा पुरवठा कमी होतो, आणि ठरावीक अंतर धावल्यावर पाय असा ठणकू लागतो की थांबावेच लागते. थांबल्यावर काही वेळात सारे शांत. क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसत नाही, तपासणीच्या टेबलावर पाय निरोगी वाटतो, आणि रुग्ण भित्रा, आळशी किंवा नाटकी ठरतो.

1976 चे माँट्रियल ऑलिंपिक तिच्या हातून असेच गेले. दुखणे ओळखणारा माणूस तिला भेटला तो कोलोरॅडोतील बोल्डर येथे. डिक क्वाक्स हा न्यूझीलंडचा धावपटू. माँट्रियलला 5000 मीटरमध्ये लासे व्हिरेनच्या मागे दुसरा आलेला. त्याच्या स्वतःच्या पायांवर याच विकारासाठी शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणून मेरीची तक्रार ऐकताच त्याला खूण पटली. 1977 मध्ये तिच्या नडग्यांवरील आवरणे चिरून स्नायूंना जागा करून देण्यात आली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकदा. या माणसाचे नाव तिच्या चरित्रकथांत ओझरते येते. माझ्या मते ते बडच्या नावाच्या आधी यावयास हवे.

पुढचा इतिहास विक्रमांच्या याद्यांत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1980 मध्ये मैलाचा जागतिक उच्चांक, परंतु मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेचा बहिष्कार. 1983 च्या हेलसिंकी विश्वस्पर्धेत 1500 आणि 3000 मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके. मग ती लॉस एंजेलिसची शर्यत. 1985 मध्ये झुरिकला मैल 4:16.71, जो अमेरिकेचा उच्चांक म्हणून 2023 पर्यंत टिकला. आणि या सर्वांच्या मधल्या जागांत पोटऱ्या, घोटे, टाचा यांवरच्या शस्त्रक्रिया, ज्यांची एकूण संख्या तिशीच्या पलीकडे गेली. ऑलिंपिकचे पदक तिला एकही मिळाले नाही.

अखेरचे प्रकरण लवादाचे. 1996 च्या अमेरिकन निवड चाचणीत, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तिच्या मूत्रात टेस्टोस्टेरॉनचे एपिटेस्टोस्टेरॉनशी असलेले प्रमाण सहास एक या तत्कालीन मर्यादेपलीकडे निघाले. गर्भनिरोधक गोळ्या आणि वय यांमुळे स्त्रियांत हे प्रमाण बदलते, असा तिच्या पक्षाचा युक्तिवाद होता. अमेरिकन मंडळाने तिला निर्दोष ठरवले. आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रकरण लवादाकडे नेले, आणि लवादाने फैसला विरुद्ध दिल्यावर तिचे 1997 चे बंदिस्त विश्वस्पर्धेतील रौप्यपदकही काढून घेतले गेले. प्रमाण मर्यादेबाहेर गेले की निरपराधित्वाचा पुरावा खेळाडूनेच द्यावा, हे त्या निकालातले सूत्र मला अजून पटलेले नाही. पण तिची बाजू निर्विवाद सिद्ध झाली असेही मी म्हणणार नाही.

हे सारे मी बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत बसून लिहितो आहे. येथे टिपू सुलतानाच्या जन्मस्थळाच्या किल्ल्याभोवतीच्या रस्त्यांवर पहाटे शाळकरी मुले धावताना दिसतात, आणि पुष्कळदा मागून स्कूटरवरून वडील वेळ मोजीत येत असतात. 2008 साली गावाशेजारी विमानतळ सुरू झाला, त्याच वर्षी बंगळूरची दहा किलोमीटरची मोठी शर्यतही सुरू झाली, आणि तेव्हापासून या शहरात धावणे ही प्रतिष्ठेची बाब होऊन बसली. आपल्याकडे 2006 मध्ये ओडिशात बुधिया सिंग या चार वर्षांच्या बालकाने पुरी आणि भुवनेश्वर यांच्या दरम्यान 65 किलोमीटरचे अंतर सात तास दोन मिनिटांत तोडले, तेव्हा निम्मा देश टाळ्या वाजवीत होता, आणि सरकारने त्याच्या धावण्यावर बंदी घातली तेव्हा तोच निम्मा देश सरकारवर रुष्ट झाला. मी त्या बंदीच्या बाजूचा आहे. फक्त बंदीने काम संपते असे मला वाटत नाही. मुलगी ‘पाय दुखतो’ म्हणाली तर ‘दमलीस’ असे उत्तर देण्याआधी दुखणे किती अंतरावर सुरू होते, थांबल्यावर किती वेळात जाते, आणि गेल्या वर्षी तिची उंची किती वाढली, एवढे तिघांनी तरी विचारले पाहिजे: आईबापांनी, शिक्षकाने आणि डॉक्टराने. मेरी डेकरला हे प्रश्न विचारणारा माणूस मिळावयास तीन वर्षे लागली, आणि मिळाला तो या तिघांपैकी कोणीही नव्हता.