वैद्यकी आणि विधिमंडळ

सत्तेबाहेर ज्याला स्वतःचे असे कार्य उरलेले नाही, त्याला खुर्ची सोडणे प्राणांतिक वाटते. उलट ज्याच्या हाताला काम आहे, तो सत्तेला आश्रयदात्री मानीत नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील डॉ. जोसाया बार्टलेट यांचे चरित्र या सत्याची साक्ष देते.

मॅसॅच्युसेट्समधील एम्सबरी येथे १७२९ साली जन्मलेल्या बार्टलेट यांना वैद्यकीय महाविद्यालयाचे शिक्षण लाभले नव्हते. एका आप्त वैद्याच्या हाताखाली ते शिकले आणि १७५० मध्ये न्यू हॅम्पशायर प्रांतातील किंग्स्टन गावी त्यांनी व्यवसाय मांडला. पोथीपेक्षा अनुभवावर त्यांची भिस्त. घशाच्या जीवघेण्या साथीत त्यांनी, ज्या सिंकोनापासून पुढे क्विनीन निघाले, त्याच्याच सालीचा आधार घेतला.

१७६५ साली ते प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले. ब्रिटिश गव्हर्नर वेंटवर्थ यांनी त्यांना न्यायदंडाधिकारी नेमले, नागरी सेनेत हुद्दाही दिला. पण मानाच्या पदांनी या वैद्याचे मत विकत घेता आले नाही. १७७४ साली त्यांचे घर आगीत भस्मसात झाले. हे कृत्य राजनिष्ठांचे, असा संशय होता. कुटुंब उघड्यावर पडल्याने त्या वर्षीच्या काँग्रेसला ते जाऊ शकले नाहीत. पुढच्याच वर्षी गव्हर्नरांनी त्यांची पदे काढून घेतली आणि जनतेने त्यांना फिलाडेल्फियाला धाडले. मते उत्तरेकडील प्रांतापासून घेतली जात. त्यामुळे जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने पहिले मत बार्टलेट यांचे पडले. जाहीरनाम्यावर अध्यक्ष हॅनकॉक यांच्यानंतरची सहीही त्यांचीच.

परंतु त्यांचे खरे मोठेपण त्यानंतरचे आहे. १७७७ मध्ये ते औषधे घेऊन बेनिंग्टनच्या रणक्षेत्री जखमींच्या शुश्रूषेस गेले. पुढे ते न्यायाधीश झाले. १७८९ साली चालून आलेली सिनेटची जागा त्यांनी नाकारली. राज्याची धुरा वाहत असतानाच, १७९१ मध्ये, न्यू हॅम्पशायर मेडिकल सोसायटीच्या स्थापनेत पुढाकार घेऊन ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. जाणत्या वैद्यांना भोंदूंपासून वेगळे ओळखता यावे, हा त्यामागील हेतू. १७९४ मध्ये प्रकृती ढासळताच ते पदावरून दूर झाले आणि पुढील वर्षी निवर्तले.

स्वातंत्र्यासाठी घर जाळून घेणारे प्रत्येक देशात निपजतात. स्वातंत्र्य आल्यावर त्या राखेची किंमत वसूल न करणारे मात्र विरळा. लोकप्रतिनिधीची पारख त्याने कोणती पदे मिळविली यावरून नव्हे, तर कोणती नाकारली आणि कोणती वेळेवर सोडली यावरून करावी.