वहिवाटीची वाट : पेनाइन वे

पेनाइन वे ही इंग्लंडमधली पहिली राष्ट्रीय दीर्घ पदभ्रमणवाट. डर्बीशरमधल्या ईडेल गावातून निघून ती पेनाइन डोंगररांगेने उत्तरेकडे जाते आणि सुमारे ४३० किलोमीटरनंतर स्कॉटलंडच्या हद्दीतल्या कर्क येथम गावी संपते. चिखल, धुके आणि विस्तीर्ण माळराने यांसाठी ती प्रसिद्ध आहे. मला मात्र तिच्यात जमिनीच्या मालकीविषयीचा एक जुना वाद दिसतो.

इंग्लंडमध्ये जमीन खासगी असली तरी तिच्यावरची पायवाट सार्वजनिक असू शकते. आपला ‘वहिवाट’ हा शब्द इथे नेमका लागू पडतो. १९३२च्या कायद्याने ठरवले, की लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे उघडपणे आणि विनाअडथळा चालत आले असतील, तर मालकाचा विरोध सिद्ध न झाल्यास ती वाट सार्वजनिक मानावी. पण जिथे कधी चालूच दिले नाही, तिथे वहिवाट कुठून येणार? पेनाइनची उंच माळराने ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली होती आणि रखवालदार लोकांना हुसकावून लावत.

याच वर्षी, २४ एप्रिलला, मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो तरुण कामगार ठरवून किंडर स्काउटच्या पठाराकडे बंदी मोडून चढले. झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास घडला. १९३५ साली पत्रकार टॉम स्टीफनसन यांनी ‘डेली हेरल्ड’मध्ये पेनाइनवरून सलग वाटेची कल्पना मांडली. त्यासाठी १९४९चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा व्हावा लागला. त्यानंतरही तुटक वाटा जोडण्यासाठी नवे हक्क मिळवण्यात वर्षे गेली. अखेर २४ एप्रिल १९६५ रोजी मॅलम मूर इथे वाटेचे उद्घाटन झाले. किंडरची तीच तारीख, तेहतीस वर्षांनी.

तरीही हक्क मिळाला तो एका पट्टीपुरता. वाट सोडून माळावर फिरण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी २०००च्या कायद्यानेच आली.

पुढे पावले इतकी पडली, की पीटची पाणथळ जमीन झिजली. मग बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या फरशा हेलिकॉप्टरने आणून वाटेवर अंथरल्या गेल्या. अशाच गिरण्यांच्या धुरापासून रविवारपुरते दूर जाण्यासाठी कामगार या डोंगरांकडे धाव घेत. आज ईडेलहून निघालेला प्रवासी पहिल्याच दिवशी किंडरवरून जातो आणि त्याला कोणी अडवत नाही.