लॅबची हवा बाहेर, गारवा आत

घरचा एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. केमिस्ट्री लॅबमध्ये हे चालत नाही. विषारी वाफा परत आत आल्या तर जिवावर बेतेल. म्हणून सगळी हवा बाहेर टाकतात, ताजी आत घेतात. पण नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आत २४. म्हणजे वीज जाळून केलेला गारवा थेट आकाशात!

यावर मला आवडलेली युक्ती म्हणजे रन-अराउंड कॉइल. जाणाऱ्या आणि येणाऱ्या हवेच्या वाटेवर एकेक कॉइल, दोन्हींमधून पंपाने फिरणारं पाणी. हवा हवेला भेटतच नाही. फक्त उष्णता पलीकडे जाते. निम्मा फरक वसूल झाला, तरी ताजी हवा एसीपर्यंत साधारण ३५ अंशांवर पोचते. पंपाची वीज वजा करा, मग खरी बचत कळेल. तुमच्या कॉलेजची लॅब काय करते? विचारून बघा!