खोडदची दुर्बीण आणि टाकाऊ यंत्रे

जुन्नर तालुक्यातील खोडद व परिसरात डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचे पोलादी सांगाडे कायम राखून आतील संग्राहक यंत्रणेचे जे नूतनीकरण झाले, त्यातून टिकाऊ ते टाकू नये, हा बोध घ्यावा. कारण निकामी संगणक वा दूरचित्रवाणी संच भंगारात जाऊन उघड्यावर जाळला गेला, तर त्यातील शिसे, कॅडमियम यांसारखी विषारी द्रव्ये हवा, पाणी आणि माती दूषित करतात. अशा कचऱ्यासंबंधी 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तथापि शक्य तोवर दुरुस्ती करून वस्तू वापरणे आणि अखेर ती नोंदणीकृत केंद्राच्याच हवाली करणे, हे कर्तव्य प्रत्येक नागरिकाचे आहे.