नाव ठेवणं, नावं ठेवणं

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. तिथल्या टायसन प्लेस नावाच्या एका साध्या बहुमजली इमारतीवर २१ जून २०१३ रोजी निळी गोल पाटी बसवण्यात आली. तिकडे अशा पाट्या थोरामोठ्यांच्या घरांवर लावतात. ही पाटी डोरीन व्हॅलिएंटे यांची. १९२२ ते १९९९ असा त्यांचा जीवनकाळ. कवयित्री, लेखिका आणि आधुनिक विचक्राफ्टची जननी, अशी त्यांची ओळख पाटीवर उघड उघड दिली आहे.

हे मराठीत लिहायला बसलं की पेन अडतं. ‘विच’ला काय म्हणायचं? हडळ म्हणता येत नाही, कारण हडळ मेलेल्या बाईची होते. मग चेटकीण? डाकीण? इथे एक मेख आहे. मांत्रिक, भगत, देवऋषी, जाणकार ही नावं माणसं स्वतःहून सांगतात. चेटकीण मात्र स्वतःला कुणी म्हणवून घेत नाही. तो शब्द दुसरा कुणीतरी लावतो, बहुतेकदा शेजारी किंवा भाऊबंद. बारशाला आपण नाव ठेवतो आणि शेजारणीला नावं ठेवतो. मराठीत या दोन्हींत फरक आहे तो एका अनुस्वाराचा.

ही वाटणी फार जुनी आहे. ‘जादू’ हा फारसी शब्द आणि संस्कृतातला ‘यातु’ हे एकाच कुळातले. यातु करणारा तो यातुधान. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या १०४व्या सूक्तात ऋषी शपथेवर सांगतो की आपण यातुधान नाही, आणि तसा खोटा आळ घेणाऱ्याला शाप देतो. इतक्या जुन्या काळीही हा शब्द अंगावरून झटकून टाकायचाच होता.

इंग्लंडमध्येही शतकानुशतकं हेच चाललं. हरवलेली वस्तू शोधून देणारे, बाधा उतरवणारे लोक गावोगावी होते. त्यांना ‘कनिंग मॅन’, ‘कनिंग वुमन’ म्हणत. आज ‘कनिंग’ म्हणजे धूर्त. तेव्हा त्याचा अर्थ होता जाणता. त्यामागचं जुनं इंग्रजी क्रियापद आणि आपलं ‘जाणणं’ ही दोन्ही एकाच मुळातून आली आहेत. म्हणजे कोकणातला जाणकार आणि तिकडचा कनिंग मॅन व्युत्पत्तीनं भाऊभाऊच. विचनं केलेली करणी उतरवणं हा तर या लोकांचा पोटापाण्याचा धंदा होता. ते स्वतःला विच कशाला म्हणवतील?

शहरातल्या शिकल्यासवरल्यांनी वेगळी वाट धरली. १८८८मध्ये लंडनला ‘गोल्डन डॉन’ ही गुप्त मंडळी स्थापन झाली. कवी येट्स तिचा सभासद होता. तिथे पायरीपायरीनं पदव्या मिळत आणि प्रत्येकजण एक बोधवाक्य हेच आपलं नाव म्हणून घेई. १८९८मध्ये आत आलेल्या ॲलिस्टर क्रॉलीनं ‘पेर्दुराबो’ हे लॅटिन नाव घेतलं. अर्थ, मी शेवटपर्यंत टिकेन. पुढे त्यानंच ‘मॅजिक’च्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी ‘के’ जोडला. रंगमंचावर टोपीतून ससा काढणाऱ्यांशी आपली गल्लत होऊ नये, हा त्यामागचा हेतू. गंमत अशी की ‘मॅजिक’ हा शब्द ज्या इराणी पुरोहितांच्या नावावरून आला, त्याच मुळातून पारशांचा ‘मोबेद’ हा शब्द आला. मुंबईच्या अग्यारीत तो आजही रोजच्या वापरात आहे.

खरी उलथापालथ केली जेराल्ड गार्डनर यांनी. मलायात जकात खात्यात नोकरी करून १९३६मध्ये निवृत्त झालेला हा गृहस्थ. १९३९मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या विच-मंडळात आपल्याला दीक्षा मिळाली, असं ते सांगत. पण उघडपणे बोलायला १९५१ उजाडावं लागलं. त्या वर्षी १७३५चा विचक्राफ्ट कायदा रद्द झाला. त्या कायद्यात फाशी नव्हती, पण जादूच्या नावाखाली फसवणूक केल्याबद्दल तुरुंगवास होता. १९४४मध्ये हेलन डंकन या माध्यम म्हणवणाऱ्या बाईंना त्याच कायद्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली होती. कायदा गेला आणि तीन वर्षांत गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ बाजारात आलं. आपल्या लोकांना त्यांनी ‘विका’ म्हटलं आणि त्याचा अर्थ ‘शहाणी माणसं’ असा दिला. भाषातज्ज्ञांना हा अर्थ मान्य नाही. जुन्या इंग्रजीत ‘विका’ म्हणजे जादूटोणा करणारा पुरुष, एवढंच. पण ज्याला शिवी चुकवायची आहे तो शब्दाचं मूळ शोधत जातो, हे मला अगदी समजतं.

व्हॅलिएंटे १९५३मध्ये या पंथात आल्या. विधींच्या पाठांत क्रॉलीची वाक्यं त्यांनी लगेच ओळखली आणि बरेचसे पाठ नव्यानं लिहून काढले. आज अनेक विका पंथीयांच्या तोंडी असलेले शब्द त्यांचे आहेत. या पंथात पुरुषही स्वतःला विचच म्हणवतात. ‘वॉरलॉक’ हा शब्द त्यांना चालत नाही, कारण त्याचा मूळ अर्थ वचन मोडणारा.

अमेरिकेत ‘विच’ या शब्दाला आणखी धार आली. १९६८च्या हॅलोविनला न्यूयॉर्कमधल्या स्त्रीवादी बायका विचच्या वेशात वॉल स्ट्रीटवर उतरल्या. १९७९मध्ये स्टारहॉक यांचं ‘द स्पायरल डान्स’ आलं. त्यांचं म्हणणं असं की ज्या शब्दाखाली बायकांना मारलं, तोच शब्द बायकांनी हातात घ्यावा. हा युक्तिवाद मला मनापासून पटतो. पण असं ठसठशीत नाव सगळ्यांनाच लावायचं नसतं. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा व्यापक शब्दात लिहिला, तर ‘विका’ लिहिणारे सुमारे १३,०००च होते.

ब्रायटनला पाटी लागली त्याच वर्षी, २० ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्यासाठी त्यांनी अनेक वर्षं लढा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबरमध्ये विधिमंडळानं मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत, अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं, हा गुन्हा ठरवला आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. दूध आटवल्याचा हाच आळ युरोपातल्या बायांवरही शेकडो वर्षं येत होता. सातपुड्यात, नंदुरबारच्या डोंगरी पाड्यांवर, तो अजून येतो. गाय आटते, मूल दगावतं आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळतं. डाकीण ठरलेल्या बाईला घर सोडावं लागतं, कधी जीवही गमवावा लागतो.

म्हणून डोरीनबाईंच्या पाटीवरचा तो शब्द मी या लेखात मराठीत आणलेला नाही. ‘विच’ला ‘विच’च ठेवलं आहे.