घरचे इंटरनेट गोठ्यापर्यंत : बिनतारी सेतूची उभारणी

मोरगाव आणि कऱ्हेच्या खोऱ्यातील आसपासच्या गावांत शेतकऱ्याचे राहते घर एकीकडे आणि गोठा, कांदाचाळ, कोंबड्यांची शेड किंवा विहिरीवरील मोटारीची खोली दुसरीकडे, ही विभागणी जुनीच आहे. दोहोंमध्ये कोठे शंभर पावलांचे अंतर असते, तर कोठे अर्धा किलोमीटरचे. गाय विण्याच्या बेतात आली म्हणजे घरातील कोणी ना कोणी रात्रीतून तीन-चार खेपा घालतो. दोन खेपांच्या मध्ये वासरू आडवे आले आणि ते वेळीच कळले नाही, तर वासरू जाते व कधी गायही हातची जाते. शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली म्हणजे मोटार चालू झाली की नाही हे पाहण्यासाठी अंधारात बांधावरून जावे लागते, आणि तेथे सापाचे भय असते. गोठ्यात एक कॅमेरा असावा व तो घरातून किंवा मोबाईलवर पाहता यावा, ही शेतकऱ्याची मागणी चैनीची नव्हे.

अडचण अशी की, घरात इंटरनेट असले तरी ते अंगणापलीकडे पोचत नाही. राऊटरपासून निघणाऱ्या लहरी कंदिलाच्या उजेडाप्रमाणे चहूकडे पसरतात व थोड्याच अंतरावर क्षीण होतात. दगडी भिंत त्यांना बरीच शोषून घेते. गोठ्याचा पत्रा तर त्यांना आत शिरूच देत नाही. पत्र्यावर आपटून त्या माघारी फिरतात. अशा वेळी पुष्कळ शेतकरी बाजारातून रेंज वाढविणारे लहान यंत्र आणून ओसरीत लावतात. हे यंत्र घरातल्या घरात उपयोगी पडते. तीनशे मीटरवरील पत्र्याच्या शेडसाठी ते निरुपयोगी होय. काही जण गोठ्यात स्वतंत्र सिमकार्डाचा राऊटर ठेवतात. तेथे रेंज चांगली असेल तर तो मार्ग वाईट नाही, परंतु दरमहाचा खर्च दुप्पट होतो. शिवाय भाद्रपद व माघ महिन्यांत मोरगावी यात्रेकरूंची दाटी झाली म्हणजे मोबाईलच्या टॉवरवर ताण पडावा हे स्वाभाविकच आहे.

यावर उपाय म्हणजे बिनतारी सेतू. विक्रेते त्यास वायरलेस ब्रिज म्हणतात. यात सारखी दोन उपकरणे असतात. एक घराच्या छपरावर व दुसरे गोठ्यावर, एकमेकांकडे तोंड करून बसवितात. प्रत्येकात लहरी एकाच दिशेस फेकणारा अँटेना असतो. राऊटर हा कंदील मानला, तर हे उपकरण म्हणजे बॅटरीचा झोत होय. उजेड तेवढाच, पण एका जागी एकवटल्यामुळे तो दूर जातो. घरच्या राऊटरमधून एक केबल पहिल्या उपकरणास जोडावयाची. गोठ्यातील उपकरणापासून दुसरी केबल निघते, तिला कॅमेरा किंवा लहान राऊटर जोडावयाचा. जणू दोन इमारतींमध्ये एक लांब केबलच टाकली आहे, अशा रीतीने ही जोडी काम करते. इंटरनेटची जोडणी एकच राहते व नवे मासिक बिल येत नाही. जोडीची किंमत सामान्यतः काही हजार रुपये असते.

ही युक्ती केवळ एका घरापुरती आहे असे नव्हे. मुंबईच्या आय. आय. टी. ने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाद्वारे पालघर जिल्ह्यातील गावांना इंटरनेट पोचविले, ते अशाच बिनतारी दुव्यांच्या साहाय्याने. त्यात ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींचाही उपयोग केला होता. त्या कामास २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. तेथे दुवे गावागावांतील होते. येथे अंतर त्या मानाने फारच थोडे आहे.

दृष्टिरेषा व पिकांची उंची

सेतू चालेल की नाही हे उपकरणाच्या किमतीवर अवलंबून नसते. ते दोन्ही टोकांच्या मधल्या मोकळ्या हवेवर अवलंबून असते. एका टोकास उभे राहून दुसरे टोक स्वच्छ दिसले पाहिजे, ही पहिली अट. परंतु नुसते दिसणे पुरेसे नाही. लहरींचा मार्ग दोरीसारखा बारीक नसतो. तो विटीप्रमाणे दोन्ही टोकांस निमुळता व मध्ये फुगीर असतो. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी अंतर ३०० मीटर असता हा फुगवटा मध्यावर सुमारे २ मीटर त्रिज्येचा असतो. १ किलोमीटर अंतरास तो सुमारे ३.६ मीटर होतो. त्यापैकी निदान सहा दशांश भाग मोकळा राहिला पाहिजे. म्हणजे ३०० मीटरवर दृष्टिरेषेच्या खाली, वर व दोन्ही बाजूंस सुमारे सव्वा मीटर, आणि १ किलोमीटरवर सव्वादोन मीटर जागा रिकामी हवी.

येथेच बहुतेकांची फसगत होते. उन्हाळ्यात रान मोकळे असते, तेव्हा सेतू बसवितात आणि तो उत्तम चालतो. पुढे ज्वारी किंवा मका उंच होते. जनाई-शिरसाईसारख्या उपसा सिंचन योजनेचे अथवा विहिरीचे पाणी जेथे आहे तेथे ऊस ३ ते ४ मीटरपर्यंत वाढतो. भाद्रपदात एके दिवशी चित्र अडखळू लागते, पाऊस पडून पाने ओली झाली की ते पुरते बंद पडते, आणि शेतकरी उपकरणास दोष देतो. पाऊस या लहरींना एवढ्या अंतरात फारसा अडवीत नाही. अडवितो तो ओला पाला. ऊस तुटला की सेतू आपोआप सुरू होतो व दोष कशाचा हे कोणास उमगत नाही.

एक हिशेब पाहू. घराच्या माडीवरील पाईप जमिनीपासून ७ मीटर उंच आहे व गोठ्याचे उपकरण ४ मीटरवर बसविले आहे. अंतर ३०० मीटर असून जमीन सपाट आहे. मध्यावर दृष्टिरेषेची उंची साडेपाच मीटर येते. मध्ये ४ मीटरचा ऊस असला तरी दीड मीटर जागा उरते, म्हणून हिशेब जुळला असे वाटते. परंतु गोठ्यापासून ५० मीटरवर तीच रेषा अवघ्या साडेचार मीटर उंचीवर असते. तेथे अर्धाच मीटर जागा उरते. हवी असते सुमारे ९० सेंटिमीटर. गोठ्यावर दीड मीटरचा पाईप वाढविला म्हणजे हा अडथळा नाहीसा होतो. तात्पर्य, उंची पिकाच्या पुऱ्या वाढीची धरावी आणि हिशेब केवळ मध्यावर न करता सखल टोकाजवळही करावा. कऱ्हेकाठच्या वेड्या बाभळी दरवर्षी वाढतात हेही ध्यानात ठेवावे. मोरगावच्या गावठाणात मयूरेश्वराच्या देवळाचा तट व त्याचे मनोरे रेषेत येत असतील, तर दुसरी जागा शोधणे भाग आहे. देवळाच्या तटास उपकरण बांधण्याचा विचार कोणी मनात आणू नये.

लहरींची निवड व कायदा

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी घरोघरच्या राऊटरमध्ये वापरल्या जातात, त्यामुळे त्यांत गर्दी फार. शिवाय त्यांचा फुगवटा मोठा, ३०० मीटरवर ३ मीटर त्रिज्येचा होतो. म्हणून सेतूसाठी ५ गिगाहर्ट्झचे उपकरण घ्यावे. केंद्र सरकारने २०१८ साली ५ गिगाहर्ट्झमधील मोठा पट्टा परवानामुक्त केला आहे. मात्र ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेतच उपकरण चालविता येते. मांडणी करताना देश म्हणून भारत निवडला की उपकरण ही मर्यादा स्वतःच पाळते. अधिक शक्ती मिळावी म्हणून दुसऱ्या देशाचे नाव टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्याने अंतर फारसे वाढत नाही आणि कायदा मात्र मोडतो. वेगाची चिंता करण्याचे कारण नाही. एका कॅमेऱ्यास साधारणपणे २ ते ४ मेगाबिट पुरतात. साधा सेतूही त्याच्या कितीतरी पट वाहून नेतो.

वीज आणि विजा

इमारतीबाहेर तांब्याची केबल लोंबकळत नेणे हा स्वस्त वाटणारा मार्ग धोक्याचा आहे. अशी केबल १०० मीटरपलीकडे काम देत नाही. आणि जवळपास वीज पडली असता तिच्यातून येणारा दाब दोन्हीकडची उपकरणे जाळू शकतो. महावितरणच्या खांबावरून केबल नेणे तर प्राणघातक होय. वाऱ्याने ती विजेच्या तारेस टेकली की गोठ्यातील लोखंडी दावणीत प्रवाह उतरू शकतो. केबलच टाकावयाची असेल तर जमिनीखाली पाईपमधून फायबर टाकावी. तिच्यातून वीज वाहत नाही. बिनतारी सेतूतही दोन इमारती एकमेकींस तारेने जोडल्या जात नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पाईप उभा करताना तो हातातून निसटून पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही, एवढे अंतर ठेवावे. पाईपास स्वतंत्र भूसंपर्क द्यावा. वळवाचे ढग दिसताच दोन्हीकडील प्लग काढून ठेवावेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप विजांची पूर्वसूचना देते, त्याचाही उपयोग करावा.

उपकरणास वीज त्याच्या केबलमधूनच मिळते. सोबत आलेला अडॅप्टर त्यासाठीच असतो. २४ व्होल्टच्या उपकरणास ४८ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर ते जळू शकते, म्हणून दोन्हींवरील आकडे वाचूनच जोडणी करावी. गोठ्यात एकफेज वीज अखंड नसेल तर सौरपॅनेल लावावे. सेतूचे एक टोक ८ वॅट व कॅमेरा ६ वॅट धरला तर चोवीस तासांस ३३६ वॅट-तास लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून रोज २८ अँपिअर-तास जातात. बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू नये म्हणून ती ६० अँपिअर-तासांची आणि पॅनेल १०० ते १५० वॅटचे घ्यावे. आभाळ दोन-तीन दिवस दाटून राहिले तर एवढ्याने भागणार नाही. त्या काळात कॅमेरा केवळ रात्री चालू ठेवावा. घरच्या टोकाची वीज गेली तरी सेतू तुटतो, हे पुष्कळदा विसरले जाते. तेथे राऊटर व उपकरण दोन्ही लहान इन्व्हर्टरवर असावेत.

बसविताना दोघांची गरज असते. एकाने घरावर व एकाने गोठ्यावर थांबून फोनवर बोलत आपापले उपकरण अगदी सावकाश फिरवावे आणि पडद्यावरील संकेताचा आकडा पाहावा. आकडा ऋण असतो. उणे ५० ते उणे ६५ यांच्या दरम्यान आला म्हणजे काम चांगले झाले. उणे ८० म्हणजे दुर्बळ. नटबोल्ट आवळताना दिशा हलते, म्हणून आवळल्यावर आकडा पुन्हा पाहावा. कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच वेळी बदलावा. अन्यथा आपल्या गोठ्याचे व अंगणाचे चित्र परक्यास दिसू शकते. ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी पहिल्या एक-दोन वस्त्यांवर हे काम शेतकऱ्याच्याच हातून करवून घ्यावे व आकडा तारखेसह वहीत लिहावयास सांगावे. पुढे मृगाच्या आधी एकदा व उभा ऊस पुरा वाढल्यावर एकदा तो पुन्हा वाचावा. दहाने खाली गेलेला आढळल्यास प्रथम मधली फांदी पाहावी, नंतर पाईपाची पकड, आणि केबलच्या टोकाशी पाणी शिरले आहे काय ते शेवटी.