पेवातला कंदील

आमच्या घरापुढे पूर्वी ज्वारीचे पेव होते. आता ते बुजवले आहे. पण आजोबा त्याची आठवण काढतात तेव्हा एक गोष्ट हटकून सांगतात. पेवाचे तोंड उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. ते बराच वेळ उघडे ठेवत, मग दोराने पेटता कंदील आत सोडत. कंदील विझला तर उतरायचे नाही, असा दंडक होता. त्यांच्या लहानपणी एका गड्याने घाई केली. तो उतरला तो पुन्हा वर आलाच नाही. त्याला काढायला गेलेला भाऊही आतच राहिला. पेवाने बळी घेतला, असे गाव म्हणाले.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाशी आमची फारकत झाली. तरी हा बळी कोणी घेतला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. उत्तर मात्र मार्कांसाठी पाठ केलेल्या दोन शब्दांत होते : प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन.

ज्वारीचे हिरवे पान हवेतून कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, घेते. मुळे पाणी पुरवतात. पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या बळावर या दोहोंपासून साखर बनवते आणि प्राणवायू बाहेर सोडते. त्याच साखरेचा पुढे कणसातल्या दाण्यात पिठूळ साठा होतो. म्हणजे आपण भाकरी खातो, तेव्हा साठवलेले ऊनच खातो!

श्वसन ही याच्या उलट क्रिया. साखर आणि प्राणवायू यांच्यापासून कर्बवायू व पाणी तयार होते आणि जगण्याला लागणारी शक्ती मोकळी होते. झाडे फक्त रात्री श्वसन करतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चूक आहे. झाडाचे श्वसन अहोरात्र चालू असते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर अधिक असल्यामुळे ते जाणवत नाही, इतकेच.

इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टले याने 1771 साली मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. हे काम हिरवा भाग आणि तोही उजेडातच करतो, अंधारात वनस्पतीही हवा बिघडवते, हे 1779 साली यान इंगेनहाउझ याने दाखवले.

आता पेवाकडे वळू. पेवात अंधार, आणि दाण्यात हरितद्रव्य नाही. पण दाणा मेलेला नसतो. पेरला तर उगवतो. तो मंदपणे श्वसन करीतच असतो. दाणा ओला असेल तर श्वसन वाढते, धान्य तापते आणि बुरशी येते. म्हणून ज्वारी कडकडीत वाळवूनच पेवात भरत. बंद पेवातला प्राणवायू दाणे, कीड आणि बुरशी मिळून संपवत आणतात. मग कीड गुदमरते आणि धान्य टिकते. पण ज्या हवेने धान्य राखले, तीच माणसाला मारते. साध्या हवेत प्राणवायू शेकडा 21 च्या आसपास आणि कर्बवायू शेकडा 0.04 इतकाच असतो. कर्बवायू शेकडा 10 वर गेला, तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो.

मित्रहो, पेवे गेली, पण जुन्या विहिरी आणि टाक्या आहेत. त्यांत आजही माणसे अशीच गुदमरतात, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. कंदील जळत राहिला म्हणजे धोका नाही, असेही समजू नये. गोबरगॅसच्या किंवा मैल्याच्या टाकीत तर पेट घेणारा वायू असतो. तेथे दिवा नेणेच घातक. आत कोणी पडला, तर मागोमाग उडी न घेता मदत बोलवावी.

हे सारे मी आजोबांना सांगितले. आजोबा शाळेत गेले नाहीत. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हंजी जोंधळा आत जिता व्हता म्हण की!”

माझ्या दोन पानांच्या टिपणाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.